डिसेंबरअखेर बंधारा बांधू नका: रासेयो शिबिर, १२० तास आणि गावाचं वेळापत्रक

प्रश्न थोडक्यात असा: नाशिक शहरातल्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) शंभर विद्यार्थ्यांचं युनिट आहे. दत्तक गाव पेठ तालुक्यात. दरवर्षी डिसेंबरअखेर सात दिवसांचं विशेष हिवाळी शिबिर होतं. त्यात ग्रामसफाई, प्रभातफेरी, पथनाट्य, वृक्षारोपण आणि समारोप असा ठरलेला कार्यक्रम असतो. गावकरी प्रेमानं वागतात, पण पुढच्या वर्षी मागचं काहीच दिसत नाही. यंदा शिबिरात बंधारा बांधायचा विचार आहे. शिवाय रक्तदान शिबिर घ्यायचंय, आणि सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी स्वयंसेवक द्या अशीही मागणी होणार आहे. नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यानं हे कसं बसवावं?

उत्तर.

पहिली गोष्ट, डिसेंबरअखेर बंधारा बांधू नका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या पट्ट्यात पाऊस मिलिमीटरमध्ये चार आकडी पडतो, तरी मार्च उजाडला की बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. त्यामुळे पाणी जिरत नाही, दमणगंगा, पार, नार या नद्यांवाटे पश्चिमेला निघून जातं. पाऊस थांबल्यावर ओहळ काही आठवडे वाहतात. डिसेंबर संपेपर्यंत बहुतेकांची धार सुतासारखी होते किंवा तुटते. वनराई बंधारा म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, तो वाहतं पाणी अडवतो. पाणीच नसेल तर तुम्ही बांधलेली ती नुसती गोण्यांची भिंत. पुढच्या वर्षी काही दिसत नाही याचं मोठं कारण हेच आहे. काम चुकीचं नसतं, महिना चुकीचा असतो. वृक्षारोपणाचंही तसंच. डिसेंबरात लावलेलं रोप पाण्याशिवाय सहा महिने काढूच शकत नाही. खड्डे मे महिन्यात, रोपं जून-जुलैत, आणि शेळ्यांपासून काटेरी कुंपण, एवढं जमणार नसेल तर झाडं लावूच नका.

बंधाऱ्याची खरी वेळ परतीचा पाऊस गेल्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. सप्टेंबरात बांधलात तर एका रात्रीच्या पावसात वाहून जाईल. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भातकापणी सुरू होते, नागली-वरईही काढायला येते, तेव्हा गावातला माणूस मोकळा नसतो. म्हणून सर्वांत सोयीचे दिवस म्हणजे पाऊस उघडल्यावर आणि कापणीनं जोर धरण्याआधीचे दोन सलग रविवार. ते नाही जमले तर दिवाळीनंतरचे दोन. हे काम शिबिराचं धरू नका, नियमित कार्यक्रमाचं, म्हणजे वर्षाच्या १२० तासांतलं धरा.

जागा मात्र त्याआधीच ठरवा. २४ सप्टेंबर हा रासेयोचा स्थापना दिन. १९६९ साली ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांसह योजना सुरू झाली. त्या दिवशी सभागृहात भाषणं ठेवण्यापेक्षा दहा विद्यार्थी, दोन शिक्षक आणि गावातले दोन जाणते शेतकरी असे ओहळाच्या काठानं चाला. जागा बघताना चार गोष्टी बघायच्या. पात्र अरुंद असावं, सात-आठ मीटरच्या आत. दोन्ही काठ उभे आणि निदान दीड मीटर उंच असावेत. ओहळ तिथे सरळ असावा, कारण वळणावर बाहेरचा काठ धारेनं कापला जातो. आणि तळाला फुटका, भेगाळ खडक नसावा, नाहीतर पाणी गोण्यांखालून निघून जातं. खाली, बंधाऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला, गावाची विहीर असेल तर ती जागा पहिली.

उतार मोजायला विसरू नका, बहुतेक जण विसरतात. एक मीटर उंचीचा बंधारा शंभराला एक उतारावर शंभर मीटर मागेपर्यंत पाणी धरतो. पात्राची सरासरी रुंदी ६ मीटर धरली तर पाणी साधारण ३०० घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर. तोच बंधारा शंभराला तीन उतारावर जेमतेम ३३ मीटर मागे जातो आणि पाणी एक लाख लिटरवर येतं. गोण्या तेवढ्याच, घाम तेवढाच, पाणी तिसरा हिस्सा. पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या एवढ्यावर उतार काढता येतो. विज्ञान शाखेच्या मुलांना हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

बांधायच्या आठवड्यात धार मोजा. धार एका पन्हाळीत किंवा पाइपात घ्या आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. १५ सेकंदांत भरली तर सेकंदाला एक लिटर, म्हणजे दिवसाला ८६ हजार लिटर. तीन लाख लिटरचा साठा साडेतीन-चार दिवसांत भरेल. बादलीला दोन-अडीच मिनिटं लागली तर दिवसाला नऊ-दहा हजार लिटरच येतात, आणि त्यातले काही हजार उन्हानं आणि गळतीनं जातात. अशा ठिकाणी मेहनत घालू नका, खालचा दुसरा ओहळ बघा.

आता साहित्य. आठ मीटर लांब, एक मीटर उंच, तळाशी दीड मीटर आणि माथ्यावर ६० सेंटिमीटर रुंद बंधारा धरू. घनफळ सुमारे ८.४ घनमीटर. सिमेंटची रिकामी गोणी दोन तृतीयांश भरून आडवी ठेवली की साधारण ५० बाय ४० सेंटिमीटर आणि १५ सेंटिमीटर जाड होते. म्हणजे २८० गोण्या, फाटणाऱ्या धरून ३२०. शहरात बांधकामं भरपूर आहेत. शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी चार गोण्या आणल्या की काम होतं. त्या झटकताना नाकातोंडाला रुमाल हवा, कारण उरलेलं सिमेंट छातीत जातं. सुतळी, दहा दाभणं, आठ फावडी, सहा कुदळी-टिकाव, दोन पहारी, वीस घमेली. आणि ११ बाय ३ मीटरची जाड प्लास्टिकची ताडपत्री. पातळ कागद आणू नका, पहिल्याच दगडानं फाटतो.

भराव कुठून घ्यायचा? बंधाऱ्याच्या मागे जिथं पाणी साठणार तिथलाच गाळ आणि मुरूम घ्या, म्हणजे साठाही वाढतो. काठाच्या पायथ्याशी किंवा बंधाऱ्याच्या पुढच्या बाजूला खणू नका, तिथूनच तो खचेल. नुसती काळी माती नको, ती वाळली की आक्रसते आणि गोणी ढिली पडते. वाळू उपसण्याच्या भानगडीत पडू नका, ते गौण खनिज आहे.

चार जणांची एक टोळी करा: एक खणणारा, एक फावड्यानं भरणारा, एक तोंड धरणारा, एक शिवणारा. अशी टोळी तासाला दहा-बारा गोण्या भरते. सहा टोळ्यांनी पाच-साडेपाच तासांत ३२० गोण्या होतात. हा पहिला रविवार. भरलेली गोणी ४० किलोच्या आसपास जाते, म्हणून ती एकट्यानं उचलायची नाही, दोघांनी. काठोकाठ भरलेली गोणी दगडासारखी गोल राहते, दुसरीला चिकटत नाही आणि पाठीचाही बळी घेते. दोन तृतीयांशचा नियम त्यासाठीच. आठवडाभर गोण्या उन्हात ठेवू नका, पळसाची पानं किंवा पेंढा टाका.

दुसऱ्या रविवारी रचाई. आधी तळातला गाळ, पालापाचोळा काढून घट्ट मुरूम लागेपर्यंत फूटभर चर घ्या. तोच चर दोन्ही काठांत दीड-दीड फूट आत न्या. रचाई विटांसारखी करायची, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. एक थर प्रवाहाला आडवा, त्यावरचा उभा. शिवलेलं तोंड बाहेरच्या कडेला येता कामा नये. प्रत्येक थर पायानं तुडवून फटीत चिखल दाबायचा. पाणी साठणाऱ्या बाजूनं ताडपत्री वरून खालपर्यंत सोडायची, तिची खालची कड चरात पुरून त्यावर चिकणमाती ठोकायची. माथ्यावर मधला दीड-दोन मीटरचा भाग १५-२० सेंटिमीटर खोल ठेवायचा. हा सांडवा. जास्तीचं पाणी मधूनच जाईल, काठ कापणार नाही. सांडव्यातून पाणी पडतं तिथे मोठे दगड रचायचे.

बंधारे फुटतात ते बहुतेक काठाला चर न घेतल्यामुळे किंवा सांडवा न ठेवल्यामुळे. मधून फुटलेला बंधारा क्वचित दिसतो. पाणी नेहमी कडेनं वाट काढतं. आठवडाभरानं कुणीतरी जाऊन कडेची ओल बघायला हवी. तेव्हा चार घमेली चिकणमाती टाकली तर बंधारा वाचतो, महिन्यानं ट्रॉलीभर टाकूनही वाचत नाही. म्हणून काठालगतच्या शेतकऱ्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. त्याच्या वावराला पाणी लागणार असेल तर तो स्वतःहून फेरी मारेल.

परवानगीचं काम ऑगस्टात उरका. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडा. पेठ तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना खास अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो, तिथे पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, तेव्हा ग्रामपंचायतीच्या कागदावर थांबू नका, त्या पाड्यावर जाऊन बसा. जागा वनहद्दीत असेल तर वनविभागाचं पत्र आधी. सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) बोलवा, तालुक्यातल्या चांगल्या जागा त्यांच्या डोक्यात असतात.

मग डिसेंबरच्या शिबिरात काय? इथे गावाचं दुसरं वेळापत्रक आडवं येतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून पेठ-सुरगाण्यातली अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. काही रोज जाऊन येतात, काही तिथेच राहतात आणि काढणी संपल्यावर परततात. डिसेंबर-जानेवारीत गावात म्हातारी माणसं, शाळेतली मुलं आणि थोडी घरं उरतात. अकरा वाजताच्या व्याख्यानाला गर्दी होत नाही म्हणून गावाला उदासीन ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. गाव भेटतं ते पहाटे आणि अंधार पडल्यावर. बौद्धिक सत्र विद्यार्थ्यांसाठी दुपारी ठेवा, गावासोबतचं जे काही असेल ते रात्री साडेसात-आठनंतर.

या दिवसांत माझा कौल शोषखड्ड्यांना आणि विहिरींच्या पाण्याला. समतल चर, म्हणजे उताराला आडवा एकाच पातळीत खणलेला चर, हेही चांगलं काम आहे, पण तो ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल चर डिसेंबरातल्या वाळक्या मुरमात खणताना नवशिक्या मुलांच्या हाताला दुसऱ्याच दिवशी फोड येतात आणि समतल रेषा चुकली की चराचा नाला होतो. ते काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, हात बसल्यावर घ्या.

शोषखड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल. खणण्याआधी जमीन पाणी पिते का ते पाहा: फूटभर खड्ड्यात पाणी भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी तासा-दोन तासांत उतरलं पाहिजे. काळ्या मातीत उतरत नाही, तिथं खड्डा म्हणजे डासांची टाकी. विहीर किंवा हातपंपापासून निदान १५ मीटर दूर. तळाला मोठे दगड, मध्ये मुठीएवढे, वर बारीक. माथ्याजवळ बुडाला भोक पाडलेलं मडकं बसवा, त्यात नारळाच्या शेंड्या भरा. मोरीचं पाणी त्यातून जाईल, राख, केस आणि अन्नाचे कण तिथेच अडतील. शेंड्या दर पंधरा दिवसांनी काढून धुवायच्या असतात. हे घरच्या बाईला दाखवलं नाही तर खड्डा पावसाळ्याआधीच तुंबतो. मडक्याचं तोंड मोकळं सोडून वरून प्लास्टिक आणि माती.

५० विद्यार्थी शिबिराला येतात. स्वयंपाकाला आठ, सर्वेक्षणाला दहा वजा करा, उरले ३२. चार-चारच्या आठ टोळ्या. मुरमात एक खड्डा खणायला दोन सकाळी, भरायला तिसरी. आठ खड्डे पुरे झाले की शिबिर सार्थकी लागलं. पंचवीस जाहीर करून अकरा उघडे सोडून येऊ नका, त्यात रात्री जनावर पडतं, मूल पडतं. आठ खड्ड्यांना सव्वादोन ब्रास दगड लागतो. तो पहिल्या दिवशी गावात पोचलेला असला पाहिजे, चौथ्या दिवशी ट्रॅक्टर शोधायची वेळ येऊ नये. आणि पहिली कुदळ घरमालकानं मारायची, ही अट ठेवा. जो मारणार नाही त्याच्या दारात खणायचं नाही.

सर्वेक्षणाच्या दहा जणांनी पिण्याच्या प्रत्येक विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजावी. ५ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे ५९ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर धरली तर दीडशे ग्रॅम. पावडर टाकणं हे गावच्या जलसुरक्षकाचं काम आहे, ते हिसकावून घेऊ नका. त्याला प्रत्येक विहिरीचा आकडा लिहिलेलं पुठ्ठ्याचं कार्ड करून द्या, आणि ती विहीर उन्हाळ्यात आटली की आकडा कसा कमी करायचा तेही लिहा. तासाभरानं ओटी, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरिन दाखवणाऱ्या द्रावणाची चाचणी: नळीत पाणी, ओटीचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरिन उरलाय. रंग आला नाही तर बहुधा पावडरचं पोतं उघडं राहून तिचा जोर गेलेला असतो. आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंना आधी भेटलात तर ओटीची बाटली मिळते आणि त्या स्वतः शिकवतातही.

राहण्याचं थोडक्यात. जिल्हा परिषद शाळेच्या खोल्या शाळा सुटल्यावर मिळतात, म्हणून सामान सकाळी आवरून ठेवायची शिस्त हवी. पिण्याला व स्वयंपाकाला माणशी रोज आठ लिटर, बाकी वापराला पंचवीस-तीस. ५० जणांना दिवसाला सुमारे दोन हजार लिटर झाले. हे पाणी गावच्या विहिरीवर ताण आणणार नाही ना, हे आधी विचारा, नाहीतर टँकर ठरवा. शिधा माणशी रोज पीठ ३०० ग्रॅम, तांदूळ १५०, डाळ ८०, भाजी २५०, तेल ४० ग्रॅम. अंगमेहनत करणारी मुलं यापेक्षा कमीत भागवत नाहीत. नागलीची भाकरी गावातल्या बचत गटाकडून पैसे देऊन घ्या, फुकट मागू नका. घाटमाथ्यावरची थंडी शहरातल्या मुलांना अंदाज नसतो तेवढी असते, जाड पांघरूण आणि खाली अंथरायला सतरंजी यादीत लिहा.

सुरक्षेत काटकसर नको. पालकांचं संमतीपत्र, विमा, मुली असतील तिथे पूर्ण वेळ मुक्कामी शिक्षिका, पोलीस पाटलांना लेखी कळवणं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का हे जायच्या आदल्या आठवड्यात विचारा, आणि तिथे पोचायला रात्री किती वेळ लागतो ते गाडीनं जाऊन मोजा. १०८ ला रेंज कुठून लागते ती जागा सगळ्यांना दाखवा. दगड उचलताना हात आधी खाली घालायचा नाही, पहारीनं उलटायचा, कारण फुरसं आणि घोणस तिथेच असतात. झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर जवळपास धूर, फटाके, ढोल नाही. अंधार पडल्यावर कुणी एकटं बाहेर जायचं नाही. बिबट्याचा वावर जिल्ह्यात सगळीकडे आहे.

आता १२० तासांचा हिशेब. दोन वर्षांत २४० तास आणि एक विशेष शिबिर, तेव्हा प्रमाणपत्र. वर्षाच्या १२० तासांत साधारण २० उद्बोधनाचे, ३० महाविद्यालय परिसरातले आणि ७० समाजातले. शिबिराचे दिवस या तासांत धरत नाहीत. पेठचं गाव नाशिकहून जाऊन-येऊन तीन तास खातं. प्रवास हा सेवेचा तास नाही. एका फेरीत पाच तास काम झालं तर ७० तासांना चौदा फेऱ्या लागतात, आणि शंभर मुलांना चौदा फेऱ्या ना परवडतात ना झेपतात. इथेच नोंदवहीत खोटे तास शिरतात: एका प्रभातफेरीचे सहा तास, एका व्याख्यानाचे चार. मुलं हे बघतात आणि खोटी नोंद कशी करायची एवढंच शिकून जातात.

त्यापेक्षा दोन जागा ठेवा. पेठचं गाव शिबिराला आणि वर्षातल्या ठरलेल्या चार-पाच फेऱ्यांना: ऑगस्टात ग्रामसभा, सप्टेंबरात जागा, ऑक्टोबरात बंधाऱ्याचे दोन रविवार, मे महिन्यात शेवटची. बाकीच्या तासांना सिटी बसनं अर्ध्या-पाऊण तासात गाठता येईल अशी जागा, सातपूर-अंबडकडची कामगार वस्ती किंवा गिरणाऱ्याच्या बाजूचं एखादं गाव. शनिवारी दोन तास, वीस मुलांची तीच तुकडी, तेच घर, तीच शाळा. चौथी-पाचवीतल्या ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांच्याजवळ दर आठवड्याला तोच दादा किंवा तीच ताई बसली पाहिजे. दर वेळी नवा चेहरा आला की मूल पुन्हा पहिल्या पानावर जातं. हजेरी जागेवरच घ्या, येण्याची आणि जाण्याची वेळ लिहून, तिथल्या शिक्षकांच्या सहीनं. आणि लहान मुलांचे फोटो शाळेला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, वहीवाटपाचे तर मुळीच नाहीत.

रक्तदानाबद्दल एकच आग्रह: तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा, वाढदिवस-जयंती बघून नको. सगळी शिबिरं ठरावीक दिवसांना लागतात आणि एप्रिल-मे महिन्यात, परीक्षा आणि सुट्टीमुळे, पिशव्या कमी पडतात. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, बिंबिका अर्थात प्लेटलेट पाचच दिवस. एका दिवशी दोनशे पिशव्या काढण्यापेक्षा वर्षात चार वेळा पन्नास जास्त उपयोगी. दात्याचं वय १८ पूर्ण हवं, आणि प्रथम वर्षातली बरीच मुलं १७ ची असतात, जन्मतारीख तपासा. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुन्हा रक्तदानाला पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवस थांबायचं. हिमोग्लोबिनमुळे मुली मोठ्या संख्येनं परत जातात आणि हिरमुसतात. तीन महिने आधी तपासणी ठेवा, कमी निघालेल्यांना डॉक्टरांकडे पाठवा. उपाशीपोटी आणि रात्री जागून आलेल्याला बसवू नका, भोवळ तिथेच येते. रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं पडून राहायचं, मग पाणी आणि खाणं, आणि लगेच दुचाकीवर बसायचं नाही.

सिंहस्थाचा विषय गंभीर आहे. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकमध्ये शाहीस्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या उताराच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, त्यात ३९ माणसं गेली. त्यामुळे २०२७ च्या पर्वण्यांसाठी विद्यार्थी मागितले तर पहिला प्रश्न विचारा: उभं कुठे करणार? गर्दी अडवायला दोरी किंवा हातांची साखळी धरायला विद्यार्थी द्यायचे नाहीत, ते प्रशिक्षित पोलिसांचं काम. गर्दीचा दाब वाढला की साखळी धरणारा पहिला चिरडतो. चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की माणूस स्वतःच्या इच्छेनं हलू शकत नाही. मुलांना द्या हरवलेल्यांची नोंद, बसथांब्यावर वाट दाखवणं, पाणी, वृद्धांना बाकावर बसवणं. चार तासांची पाळी, जोडीनं, रेनकोट आणि शिट्टी. त्या दिवशी मोबाइलवर विसंबू नका, नेटवर्क कोलमडतं. भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्या. तालीम म्हणून आधी दोन गणेशविसर्जनं गोदाघाटावर करा: निर्माल्याचे कलश, मूर्ती स्वीकारणं, प्लास्टिक वेगळं काढणं. हे सगळं पायरीवर उभं राहून, पाण्यात कुणी उतरायचं नाही. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की घाटावर पाणी भरभर चढतं. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची पातळी ओळखतात; तिच्या कुठल्या अंगाला पाणी लागलं की सगळ्यांनी वर यायचं, हे स्थानिकांना विचारून आधीच ठरवा.

नोंदीचं शेवटचं. गावच्या विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि तिथून पाण्यापर्यंतचं अंतर दोरीला दगड बांधून दर पंधरा दिवसांनी मोजायचं. ऑक्टोबर ते मे. हे काम गावातल्या आठवी-नववीच्या दोन मुलांना द्या, वही तुमची, आकडे त्यांचे. बंधारा नसलेल्या ओहळाजवळच्या दुसऱ्या एका विहिरीचीही तीच मोजणी ठेवा, नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून पाणी टिकलं की बंधाऱ्यामुळे, हे कळणार नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा जण जा, वही बघा आणि बंधाऱ्याच्या गोण्या व ताडपत्री काढून आणा. उन्हानं त्यांचे धागे सुटलेले असतात, पहिल्या पुरात ते प्लास्टिक खालच्या भातखाचरांत जाऊन बसतं. माती तिथेच काठाला टाका, दगड पुढच्या वर्षासाठी एका बाजूला रचा. वहीत दोन विहिरींमध्ये फरक दिसत नसेल तर पुढच्या ऑगस्टात ग्रामसभेला तसं स्पष्ट सांगा आणि दुसरा ओहळ मागा.